आबांची जुनी सुती ताडपत्री हातानं शिवायचीय, सुई-दोरा कोणता घेऊ?

औसा_शिवार
नमस्कार मंडळी. आमच्या आबांची एक सुती ताडपत्री आहे, हिरवी, जाड, अंदाजे १५ बाय १८ फूट. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटं भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो, घराची मागची भिंत पडली आन पुढचे दोन-अडीच महिने आम्ही सगळे हिच्याखालीच राहिलो, त्यात पाऊसही झाला. त्यामुळं ही टाकून द्यायची नाही हे आधीच सांगतो. आता हिचं दुखणं असंय की एका बाजूला काटकोनात फाटलीय, दोन्हीकडं दीड-दीड वीत, मधली जुनी शिवण तीन ठिकाणी उसवलीय आन कोपऱ्यातल्या लोखंडी रिंगा तीन निघाल्यात. मागच्या साली मी घरच्या दाभणानं सुतळी घालून शिवली, चांगली आवळून, पण एका वाऱ्यात भोकाभोकानं परत फाटली, जशी काय बसच्या तिकिटाची रेघच. आमच्या गावच्या टेलरनं सांगितलं मशीनखाली जात नाही. दसऱ्याच्या आत सोयाबीन काढायला येईल, त्याची गंजी (रचलेला ढीग) झाकायला ही लागते, त्याआधी नीट करायचीय. कुणाला हाताच्या शिलाईची माहिती असंल तर सविस्तर सांगा.

मोंढा_रस्ता
भाऊ भावना समजली पण गंजी झाकायला प्लास्टिकची नवी आणा की, वजनाला हलकी, एकटा माणूस पांघरतो. जुनी घडी करून घरात ठेवा आठवण म्हणून. आमच्याकडं मोंढ्यात सगळे आडते आता प्लास्टिकच वापरायलेत.

औसा_शिवार
@मोंढा_रस्ता दादा प्लास्टिकची पण आहे माझ्याकडं, एक नाही दोन. पण ओलसर सोयाबीनच्या गंजीवर प्लास्टिक टाकलं की आतून वाफ धरते, सकाळी उचलली तर खालून पाणी टपकतं आन वरच्या शेंगा काळ्या पडतात. सुतीतून वाफ निघून जाते. रात्रीच्या पावसाला वरून प्लास्टिक ठीक, पण चार-पाच दिवस झाकून ठेवायचं असंल तर मला सुतीच बरी वाटते.

वाकळ_हिंगोली
दादा मी वाकळा शिवते, ताडपत्री नाही, पण जाड कापडाचं दुखणं सारखंच असतंय म्हणून लिहिते. तुमचं चुकलं ते दाभणात. दाभणाचं टोक चपटं आणि रुंद असतं, ते पोत्यासाठी केलंय, पोत्याची वीण एवढी विरळ की दाभण धाग्यांच्या मधून जातं. दाट कापडात तेच दाभण धागे कापतं. आणि भोक पडतं सुतळीपेक्षा मोठं, मग दोरा भोकात हलत राहतो आणि रोज थोडं थोडं कुरतडतो. गादीवाल्याकडं लांब सुई असते गोल टोकाची, ती आणा, ती धागे बाजूला सारून जाते, तोडत नाही. आणि टाके एका सरळ रेघेत घालू नका, एक टाका काठाजवळ, एक जरा आत, असं वरखाली. सरळ रेघेत घातले की सगळा ताण कापडाच्या एकाच धाग्यावर येतो आणि मग तिकिटासारखंच फाटणार.

बालाघाट_बीड
ताई बरोबर बोलल्या. पण दाभणाला नावं ठेवू नका, पोतं शिवायला त्याच्यासारखं काही नाही, आमचं आर्धं आयुष्य दाभण-सुतळीवर गेलं 🙏

जिंतूर_ते_मुंबई
मी मूळचा जिंतूरचा, मुंबईत शिडाच्या बोटी दुरुस्त करायच्या एका शेडमधी सहा वर्षं काम केलंय, शिडं मी हातानं शिवलीत. त्यामुळं जरा लांबड लागेल, सहन करा, कारण हे काम आपल्याकडं कुणी लिहून ठेवत नाही.

आधी सुई. शिडाची सुई वेगळीच असते. मागचा भाग गोल आणि पुढचा साधारण आर्धा भाग तीन धारेचा, पण या धारा मुद्दाम बोथट केलेल्या असतात. त्यामुळं सुई जाड कापडात वाट काढते पण धागा कापत नाही. चामड्याची सुई पण तीन धारेचीच दिसते, दुकानदार तीच देईल, पण तिच्या धारा ब्लेडसारख्या असतात, चामड्याला तसंच लागतं, कापडाला ती चालत नाही. अंगठ्याच्या नखावर धार हळूच फिरवून बघा, नख खरवडलं तर ती चामड्याची. नंबराचा हिशोब उलटा असतो, नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. तुमच्या ताडपत्रीला १४ किंवा १५ नंबर पुरे, जिथं चार पदरी कापड येतं त्या कोपऱ्याला १३. नाही मिळाली तर ताईंनी सांगितलेली गादीवाल्याची सुई घ्या, त्यातल्या त्यात बारीक बघून.

दुसरी वस्तू तळहाताचा पट्टा. बोटातलं अंगुस्तान इथं पुरत नाही, चार पदरातून सुई ढकलायला बोटात जोर नसतो, तो तळहातात असतो. म्हणून चामड्याचा पट्टा हातात घालतात, अंगठ्याला भोक, आणि अंगठ्याच्या मुळाशी गादीवर एक लोखंडी चकती, चकतीवर खळगे. सुईचं मागचं टोक खळग्यात ठेवायचं आणि मनगटाचा जोर लावायचा. इंग्रजीत याला पामच म्हणतात. बाजारात शोधत बसू नका. तुमच्या गावात चप्पल शिवणारे काका असतील त्यांना जुना जाड पट्टा द्या, एक रुपयाएवढी लोखंडी चकती द्या, खिळ्यानं ठोकून तिच्यावर दहा-बारा खळगे पाडा, ते अर्ध्या तासात शिवून देतील. मी पहिला पट्टा असाच परभणीत करून घेतला होता, अजून आहे माझ्याकडं. पट्टा हाताला घट्टच हवा, ढिला असला तर चकती सरकते आणि सुई तळव्यात घुसते. हे झालंय माझं, तीन दिवस मूठ मिटत नव्हती.

आता दोरा, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. माणसाला वाटतं जेवढा बळकट दोरा तेवढी शिलाई पक्की. तीस-पस्तीस वर्षांच्या कापडाला तसं नसतं. दोरा कापडापेक्षा बळकट झाला की वाऱ्याच्या झटक्यात दोरा तगतो आणि कापड तुटतं. तुटायचंच असंल तर दोरा तुटला पाहिजे, दोरा परत घालता येतो, तेच कापड परत कुठून आणणार. तुम्हाला एक तर सुती दोरा घ्यावा लागेल, गादीचा असतो तसा चार-पाच पदरी, नाहीतर आत पॉलिएस्टर आणि वरून कापूस गुंडाळलेला दोरा मिळतो तो. तंबूवाले तोच वापरतात. कापूस ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक आपोआप बुजवतो, आणि आतलं पॉलिएस्टर कुजत नाही. दोन्ही काम होतात.

पैठण_नाथसागर
आमच्याकडं धरणावर जाळी विणायला नायलॉनचा दोरा असतो, लई मजबूत, पाण्यात वर्षानुवर्षं राहतो. तो कामून नाही चालणार?

जिंतूर_ते_मुंबई
@पैठण_नाथसागर भाऊ, पाण्यात तो चांगलाच आहे, जाळ्याला ताणणारा दोराच लागतो, मासा झटका देतो तेव्हा तो ताण खातो. शिलाईत तेच उलटं पडतं. नायलॉन ताणतो, शिवण उघडते, परत आखडतो, कापड तिथं घासत राहतं. आणि उन्हात नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर मरतो, मराठवाड्यातल्या मार्च ते मेच्या उन्हात तर विचारूच नका. शिवाय एकेरी तंगूस, म्हणजे एकाच तारेचा नायलॉन असंल तर तो घसरडा, गाठ धरत नाही आणि जुन्या सुती कापडाला सुरीसारखा कापतो.

रंगीत प्लास्टिकची सुतळी मिळते ना बाजारात, ती तर घेऊच नका, उन्हात तिचा भुगा होतो. आणि तागाची सुतळी ओली राहिली की कुजते, कुजताना शेजारच्या कापडालाही बुरशी देते.

दोरा ओळखायचा असंल तर एक तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख होते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. दुकानदार काहीही सांगो, काडी खोटं बोलत नाही. पॉलिएस्टरच्या रिळावर टेक्स असा आकडा असतो, टेक्स १३५ म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन १३५ ग्रॅम. तुमच्या कामाला ९० चा पुरे, १३५ चा फक्त रिंगांना.

उदगीर_मंडप
मंडपाचं काम आहे आमचं, वडिलांपासून. वरचं सगळं पटलं. आमच्या वेळी वडील दोऱ्याला मेण लावायचे, मधाच्या पोळ्याचं, ते राहिलं सांगायचं. मेणाच्या गोळ्यावरून दोरा दोन-तीनदा ओढायचा, मग बोटात धरून भराभर ओढायचा म्हणजे गरम होऊन मेण आत मुरतं. मेणबत्तीचं मेण घेऊ नका, ठिसूळ असतं, दोरा वाकला की खपल्या निघतात.

आन रिंगांचं. लोखंडी रिंग सुती कापडात बसवली की दोन पावसाळ्यात गंजते आन गंज कापूस खातो, तुमच्या रिंगा निघाल्या नाहीत, त्यांच्या भोवतीचं कापड गंजानं गेलंय, बघा तिथं तपकिरी डाग असणार आन नखानं ओढलं तर धागे पिठासारखे येतील. तेवढा भाग कापून टाका, त्याच्यावर दुपदरी ठिगळ द्या आन मग पितळी कडी घ्या. ती ठोकून बसवायची नाही. कापडाला कडीपेक्षा लहान भोक, कडी त्याच्यावर ठेवायची आन काज करतो तसं दोऱ्यानं कडीभोवती गोल शिवत यायचं, टाका टाक्याला लागून. कडी दिसलीच नाही पाहिजे. पण टाक्यांची लांबी एक लांब एक आखूड ठेवा, सगळे सारखे घेतले की भोवती परत तीच गोल रेघ तयार होते फाटायला. ठोकलेल्या रिंगेपेक्षा ही किती तरी जास्त ओढ घेते. एका कडीला सुरवातीला पाऊण तास लागेल.

औसा_शिवार
अप्पा तुमचं तपकिरी डागाचं वाचून लगेच जाऊन बघितलं, अगदी तसंच आहे, नखानं ओढलं तर हातात चुरा आला. तिन्ही कोपरे कापावे लागतील. आन जिंतूरवाले दादा, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. आता काटकोनात फाटलेलं कसं धरू? आधी ठिगळ का आधी शिवण?

जिंतूर_ते_मुंबई
आधी शिवण, पण आवळायची नाही. ताडपत्री सपाट जागी अंथरा, फाटलेले दोन्ही काठ फाटायच्या आधी जसे होते तसे जवळ आणा, दर चार बोटांवर एक कच्चा टाका घाला म्हणजे मधे एक बाजू पुढं-मागं सरकत नाही. कोपऱ्यापासून सुरू करा, टोकाकडं जा. टाका असा घ्या: सुई या काठाच्या खालून वर काढा, समोरच्या काठावरून ओलांडून तिकडं वरून खाली घाला, आणि मग फटीतून वर येऊन स्वतःच्याच दोऱ्यावरून फेर घेऊन पुढं. दोरा दरवेळी स्वतःला धरतो, त्यामुळं एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. काठ शेजारी शेजारी बसतात, एकावर एक चढत नाहीत. दोन टाक्यांत पाच-सहा मिलिमीटर ठेवा, त्यापेक्षा दाट नको, दाट म्हणजे भोकं जास्त. काठापासूनचं अंतर ताईंनी सांगितलं तसं, एक जवळ एक लांब.

दोऱ्याला गाठ मारू नका. दोन इंच शेपूट सोडा, पहिल्या पाच-सहा टाक्यांखाली ती दाबून घ्या, संपताना पण तसंच. गाठ कापडावर घासते आणि भोकातून निघून येते. आणि दोरा दुहेरी करून हाताच्या एका वावेपेक्षा लांब घेऊ नका, लांब दोरा कितीतरी भोकांतून ओढला जातो, शेवटच्या टाक्यापर्यंत त्याचा निम्मा जीव गेलेला असतो.

ठिगळ खालच्या बाजूनं. फाटलेल्याच्या चहूबाजूंनी दोन इंच तरी जास्त. काठ आत दुमडून. ठिगळाचे उभे-आडवे धागे ताडपत्रीच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळले पाहिजेत, तिरकं लावलं तर ते वेगळ्या दिशेनं ताणतं. आणि हे विसरू नका, ठिगळाचं कापड नवं असंल तर आधी एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून घ्या. कोरा सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात आटतो. तसाच लावला तर पहिल्या पावसात ठिगळ आखडेल आणि भोवतालच्या जुन्या कापडाला ओढून फाडेल. त्यापेक्षा जुन्याच ताडपत्रीचा तुकडा मिळाला तर सोनं.

वाकळ_हिंगोली
हे आटायचं अगदी खरं. नव्या लुगड्याचं ठिगळ जुन्या वाकळीला माझी आजी कधी लावू द्यायची नाही. जुन्याला जुनंच म्हणायची.

बालाघाट_बीड
माझं पण ऐका. आम्ही कारखान्याला ऊस तोडायला जातो, दसरा-दिवाळीच्या मागंपुढं निघतो आन उन्हाळ्याच्या तोंडाला येतो, तेवढे महिने कोपीत, म्हणजे झोपडीत. कोपीवर ताडपत्रीच असती, गेली तर लेकरं थंडीत उघडी. आमचा अनुभव असा की ताडपत्री वाऱ्यानं कमी आन घासून जास्त फाटती. बांबूचं टोक जिथं टेकतं तिथं भोक, दोर जिथं वाकतो तिथं भोक. म्हणून आम्ही बांबूच्या टोकाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधतो, टोपीसारखा. दोर आन काठाच्या मधी पण ट्यूब. हे केल्यापासून शिवायचं काम निम्मं झालं. तुम्ही गंजीवर टाकता तर खाली पऱ्हाट्या, तुराट्याची टोकं असतील, ती आधी मोडा नाहीतर वर पोती अंथरा. आमच्या बाया काम आटोपल्यावर रात्री दिव्याखाली शिवतात, दिवसभर कोयता धरून हात सुजलेले असतात, त्याच हातानं. हा तळहाताचा पट्टा पहिल्यांदाच ऐकला, यंदा जायच्या आधी चार करून घेतो.

जिंतूर_ते_मुंबई
@बालाघाट_बीड दादा, शिडावर पण हेच होतं, जिथं दोर घासतो तिथं चामडं शिवून ठेवतात. तुम्ही ट्यूबची टोपी काढली ते कुठल्याही कारागिरापेक्षा कमी नाही. पट्टे करताना बायांच्या हाताच्या मापाचे करा, पुरुषांच्या मापाचा पट्टा त्यांना ढिला होईल आणि सुई लागेल.
पण एक, तुमच्या कोपीची ताडपत्री प्लास्टिकची असणार, विणलेल्या पट्ट्यांची. तिला सुईचं भोक परत बुजत नाही. तिथं शिवणीवर विसंबू नका, आधी दोन्ही बाजूंनी ताडपत्रीचा चिकटपट्टा, आणि शिवायचंच असंल तर टाके लांब लांब, पॉलिएस्टर दोऱ्यानं.

पैठण_नाथसागर
शिडाच्या कापडाची शिलाई जास्त टिकत असंल ना? ते तर लई भारी कापड.

जिंतूर_ते_मुंबई
उलटं आहे. आताची बरीच शिडं पॉलिएस्टरची, डेक्रॉनची. ते कापड एवढं कडक की दोरा त्यात रुतत नाही, वर उघडा राहतो, त्यामुळं घासून आणि उन्हानं आधी दोरा जातो, कापड तसंच चांगलं. सुती कापडात दोरा आत बुडतो आणि वाचतो. म्हणून तर म्हणतो की औशाच्या भाऊंची ताडपत्री शिवायला चांगली आहे.
आणि एक गंमतीची गोष्ट, कॅनव्हास हा शब्दच कॅनाबिसवरून, म्हणजे भांगेच्या झाडाच्या नावावरून आलाय, पूर्वी शिडं त्याच झाडाच्या, हेम्पच्या धाग्याची असायची. आपल्या अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे हेम्पसारखी. आमच्या घरी अंबाडी पाण्यात भिजवून वाख काढायचे, आजोबा मांडीवर दोरी वळायचे, ते डोळ्यापुढं आलं.

औसा_शिवार
आमच्याकडं कासरे वाखाचेच असायचे. आबा ओसरीवर बसून वळायचे.
मंडळी आता शिवून झाल्यावर पाण्यासाठी काय करू? जुन्या ताडपत्रीचं मेण उडालंय, पाणी मुरतं.

उदगीर_मंडप
वडील साबण-तुरटी करायचे. साबण गरम पाण्यात विरघळवून ते पाणी कापडाला ब्रशनं भरपूर लावायचं, जरा वाळू द्यायचं, मग तुरटीचं पाणी. दोन्ही एकत्र झाले की कापडाच्या धाग्यात असा थर तयार होतो जो पाण्यात विरघळत नाही, आन हवा मात्र जाते. मेणाएवढा टिकत नाही, दर पावसाळ्याआधी करावं लागतं. मेण टर्पेंटाइनमधी विरघळवून पण लावतात पण ते चुलीजवळ, बिडीजवळ अजिबात नको, भडका होतो. आन ताडपत्री ओली घडी घालू नका कधीच, बुरशी लागली की शिलाई काय कामाची.

औसा_शिवार
पंधरा दिवसांनी लिहितोय. झालं काम. चप्पल शिवणाऱ्या काकांनी पट्टा करून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणले हे काय करताय ते मला दाखवायला आणा. सुई लातूरला गादीवाल्यांकडं मिळाली, शिडाची नाही पण बारीक गोल टोकाची. दोरा सुती पाच पदरी, काडी लावून बघितला, मेण एका मधवाल्याकडून. काटकोनाला दोन संध्याकाळी लागल्या. पहिला हातभर भाग उसवून परत केला, आवळला गेला होता, चुण्या पडत होत्या. ठिगळ आबांच्याच जुन्या एका फाटक्या तुकड्याचं. कड्या पितळी, पहिल्या कडीला एक तास, तिसरीला पस्तीस मिनिटं. साबण-तुरटी काल केली.
आज चार बांबूला बांधून वरून दोन घागरी पाणी ओतलं. ठिगळावर थेंब नाही. जुन्या मधल्या शिवणीतून एका ठिकाणी गळतंय, जिथं मी हात लावला नव्हता, बाहेरून ती शिवण चांगली दिसत होती.

जिंतूर_ते_मुंबई
तिथला जुना दोरा नखानं खेचून बघा. तुटला तर सगळी मधली शिवण काढून नवा दोरा घाला, नुसत्या गळतीच्या जागी नको. जुनीच भोकं वापरा, नवी पाडू नका.

औसा_शिवार
खेचला, तुटला. साडेचार मीटर शिवण आहे. आई म्हणाली एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी, मागच्या वेळी पण तंबूत मीच शिवली होती. उद्या सकाळी बसतो दोघं. पट्टा आईच्या हाताला मोठा होतोय, काकांकडं दुसरा सांगितलाय.